नेरळ–माथेरान रेल्वे सिम्युलेटरमध्ये उभारताना: नाशिकच्या हौशी गटाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधील आम्ही काही रेल्वेप्रेमी मिळून नेरळ ते माथेरान हा नॅरोगेज डोंगरी मार्ग १९७० च्या दशकात जसा होता तसा संगणकावरील ट्रेन सिम्युलेटरमध्ये उभारत आहोत. या कामाविषयी विद्यार्थी, निवृत्त रेल्वे कर्मचारी, सिम्युलेटर खेळणारी तरुण मंडळी आणि माथेरानला लहानपणी जाऊन आलेले अनेक जण जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथील विषयच तसा आहे.

माथेरानचाच मार्ग का निवडला?

पहिले कारण त्याच्या आवाक्याचे आहे. सुमारे २१ किलोमीटर लांबी, नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान अशी पाच स्थानके आणि संपूर्ण मार्गावर एकच बोगदा. फावल्या वेळात काम करणाऱ्या माणसांना असा मार्ग पहिल्या रुळापासून शेवटच्या बफरपर्यंत पूर्ण करता येतो. शेकडो किलोमीटरचा मार्ग हाती घेतला की त्यातील बराचसा भाग झाडे आणि घरे यांच्या ठोकळेबाज पुनरावृत्तीने भरून काढावा लागतो, आणि ते आम्हांला नको होते.

दुसरे कारण असे की या २१ किलोमीटरमध्ये अभियांत्रिकीचा ऐवज फार दाट भरलेला आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीतून, सुमारे १६ लाख रुपये खर्चून हा मार्ग उभा राहिला. १९०४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाड्या धावू लागल्या. दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरचे गेज (दोन रुळांमधले अंतर), १ मध्ये २० इतका, म्हणजे २० मीटर अंतरात १ मीटर उंचीचा, तीव्र चढ, साधारण ६० फूट त्रिज्येची वळणे, आणि तरीही कोठे इंजिनाचे दातेरी चाक अडकवणारा दाती रूळ नाही की गाडी मागेपुढे करून चढवणारे रिव्हर्सिंग स्टेशन नाही. ज्या जागी असे स्टेशन बांधणे सोपे झाले असते, तेथे घोड्याच्या नालेच्या आकाराचा भराव घालून गाडी वळवून नेली आहे. केवळ चाक आणि रूळ यांच्यातील घर्षणावर ही गाडी सुमारे साडेसातशे मीटर वर चढते, आणि सिम्युलेटरच्या भौतिकशास्त्राची कसोटी पाहायला याहून चांगला मार्ग महाराष्ट्रात नाही असे आमचे मत आहे.

नाशिकशी असलेला एक धागाही नोंदवण्याजोगा आहे. १८८९ मध्ये आपल्या शहरात नाशिक रोड स्थानकापासून जुन्या गावापर्यंत घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली. तिचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे होते. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे जगभर नाव झालेल्या याच कॅलथ्रॉप यांनी माथेरानच्या मार्गासाठीही सल्ला दिला.

नाशिकच्या माणसांनी आपला कसारा घाट का नाही घेतला?

कसारा–इगतपुरीचा थळ घाट हा आमच्या रोजच्या प्रवासातला घाट आहे आणि त्याविषयी आम्हांला आपुलकीही आहे. पण तो ब्रॉडगेज आहे, त्याचा कमाल चढ १ मध्ये ३७ आहे आणि तेथील खरी गंमत मागून जोर लावणाऱ्या बँकर इंजिनांच्या कामकाजात आहे. तो वेगळा अभ्यास आहे आणि त्याला वेगळी माणसे हवीत.

आजचा मार्ग न घेता १९७० चे दशक का निवडले?

ऐतिहासिक मार्ग उभारताना सर्वांत आधी काळ ठरवावा लागतो, आणि तो ठरवल्याशिवाय रुळांखालचा पहिला आडवा स्लीपरही ठेवू नये असे आम्ही नवीन सदस्यांना आग्रहाने सांगतो. माथेरानच्या बाबतीत प्रत्येक काळाची साधनसामग्री निराळी आहे. सुरुवातीचे रूळ दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे होते, नंतर ते ४२ पौंडी झाले. ऑरेनस्टाइन अँड कोप्पेल या जर्मन कंपनीने बांधलेली ७३८ ते ७४१ क्रमांकांची चार वाफेची इंजिने हा या मार्गाचा मूळ चेहरा होता. १९५० च्या दशकाच्या मध्यास युंग कंपनीची एनडीएम-१ डिझेल इंजिने आली; वाफ मात्र १९८२ पर्यंत टिकली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटनांनंतर गाड्या थांबल्या. पुढे त्या सुरू झाल्या, २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा बंद पडल्या आणि नेरळपासूनची संपूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये परत आली. या प्रत्येक टप्प्यावर संरक्षक भिंती, मोऱ्या, रुळांखालची खडी, फलक आणि डबे बदलत गेले.

१९७० च्या दशकात वाफ आणि डिझेल दोन्ही एकाच मार्गावर चालत होती, त्या काळातील रंगीत छायाचित्रे घराघरांतील अल्बममध्ये सापडतात, आणि ती गाडी पाहिलेली, तिच्यातून प्रवास केलेली माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना विचारता येते. हे शेवटचे कारण आमच्या दृष्टीने सर्वांत वजनदार आहे, कारण नकाशात न सापडणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ फलाटावरचे बाक कोठे होते किंवा गाडी सुटण्यापूर्वी कोण काय करत असे, या केवळ माणसांच्या आठवणीतच उरल्या आहेत आणि त्या आठवणी फार काळ उपलब्ध राहणार नाहीत.

काळ ठरल्यावर त्याच्याशी प्रामाणिक राहावे लागते. अमन लॉज ते माथेरान ही आजची लोकप्रिय शटल सेवा २०१२ नंतरची आहे, म्हणून आमच्या वेळापत्रकात ती नाही. वाफेचा मूळ काळ संपल्यावर दार्जिलिंगचे एक बी वर्गाचे वाफेचे इंजिनही नेरळला आणले गेले होते. त्याची छायाचित्रे सहज मिळतात आणि ती पाहून अनेकांना तेच माथेरानचे जुने इंजिन वाटते, पण ते आमच्या मार्गावर धावणार नाही.

कोणता सिम्युलेटर वापरता?

आम्ही ओपन रेल्स वापरतो. तो विनामूल्य आहे, त्याचा स्रोत खुला आहे आणि २००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या स्वरूपातील मार्ग तो वाचतो. मार्गाची बांधणी टीएसआरई या संपादकात करतो. महाविद्यालयीन मुलांना पैसे न मोजता कामात सहभागी होता यावे हा विचार त्यामागे होताच. पण निर्णायक बाब ही की इंजिन आणि डब्यांची सर्व भौतिक माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते, ती कोणालाही उघडून वाचता येते आणि तिच्यातील प्रत्येक आकडा तपासता येतो. गेज आणि चाकांच्या ताठ चौकटीची लांबी यांच्यासाठी त्यात स्वतंत्र नोंदी आहेत आणि वळणावरचा विरोध त्यांवरून काढला जातो. नॅरोगेजसाठी हे फार मोलाचे आहे.

ट्रेन्झ हा दुसरा सिम्युलेटरही चांगला पर्याय आहे. दृश्य उभारणे त्यात अधिक सोपे जाते आणि नवख्याला त्वरित काहीतरी दिसू लागते. ज्यांना प्रामुख्याने निसर्ग उभा करायचा आहे त्यांनी तो अवश्य पाहावा.

त्यासाठी संगणक कसा लागतो?

मध्यम क्षमतेचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला कोणताही संगणक पुरतो. झाडांची संख्या वाढवली की भार वाढतो. रूळ आणि इंजिन यांचा भार नगण्य असतो.

डोंगराचा आकार कोठून मिळवला? उपग्रहाची माहिती वापरली की काम झाले, असे नाही का?

उपग्रहाच्या उंचीच्या माहितीवरून डोंगर मिळतो, पण रेल्वे मिळत नाही. मोफत मिळणारी एसआरटीएमची (अवकाशातून रडारने केलेल्या मोजणीची) किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरील कार्टोसॅट उपग्रहाची माहिती सुमारे ३० मीटरच्या चौकटीत असते, म्हणजे ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद जागेला एकच उंची. माथेरानच्या रुळांचे सर्वांत तीव्र वळण साधारण ६० फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर त्रिज्येचे. अशा वळणाचा पूर्ण व्यासच सुमारे ३६ मीटर होतो. याचा अर्थ असा की गाडी ज्या जागेत अर्धे वर्तुळ फिरून उलट दिशेला तोंड करते, त्या संपूर्ण जागेविषयी उपग्रहाला जेमतेम एक-दोन आकडे ठाऊक असतात.

उंचीचा प्रश्न याहून कठीण आहे. १ मध्ये २० चा चढ म्हणजे १०० मीटर अंतरात ५ मीटर उंची. घनदाट झाडी आणि कडे असलेल्या भागात उपग्रहाच्या उंचीत पाच-दहा मीटरची चूक असणे अगदी नेहमीचे आहे. शिवाय एसआरटीएमचा रडार झाडीत पूर्ण खोलवर जात नसल्याने ती उंची अनेक ठिकाणी जमिनीची नसून पानांच्या छताच्या जवळपासची असते. म्हणजे जो चढ दाखवायचा, त्याच्याइतकीच मोजमापातली चूक. अशा माहितीवर रूळ नुसते अंथरले तर एका ठिकाणी १ मध्ये ९ चा अशक्य चढ आणि लगेच पुढे उतार असा प्रकार होतो, आणि सिम्युलेटरमधील इंजिन तेथे चाके फिरवत जागच्या जागी उभे राहते.

म्हणून आमचा क्रम उलटा आहे. स्थानकांच्या फलकांवर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची आणि त्यांच्यामधील रुळांचे अंतर हे पक्के धरायचे. नेरळ सुमारे ४० मीटरवर आणि माथेरान सुमारे ८०० मीटरवर आहे, त्यामुळे संपूर्ण मार्गाचा सरासरी चढ १ मध्ये २७ च्या आसपास येतो. सरासरी एवढी असताना कमाल मर्यादा १ मध्ये २० आहे, याचा अर्थ या मार्गावर विसाव्याच्या जागा थोड्या आहेत आणि जेथे स्थानकासाठी सपाटी दिली आहे, तेथे गमावलेली उंची पुढच्या टप्प्यात भरून काढावी लागते. हा हिशोब बसवून आधी रुळांची रेषा पूर्ण करायची आणि मग डोंगर त्या रेषेला येऊन भिडवायचा. रूळ जमिनीच्या वर राहिला तर तेथे भराव किंवा मोरी असली पाहिजे, खाली गेला तर कटिंग (डोंगर कापून केलेली वाट) असले पाहिजे; आणि छायाचित्रात तसे दिसत नसेल तर रेषा चुकली आहे असे समजून पुन्हा मांडायची.

सिम्युलेटरची जमीन नॅरोगेजला पुरते का?

नाही, आणि हे आधीच माहीत असलेले बरे. ओपन रेल्समधील जमीन २०४८ मीटरच्या चौरसांत विभागलेली असते आणि तिच्यावरील बिंदू ८ मीटर अंतरावर असतात. दोन फुटी रुळांसाठी डोंगराच्या कुशीत खोदलेली वाट केवळ काही मीटर रुंद असते. ती वाट ८ मीटरच्या जाळीत कोरताच येत नाही. कोरायला गेल्यास डोंगराला मोठी पायरी पडते आणि दरीच्या काठाने जाणारी गाडी मैदानातून जात असल्यासारखी दिसते. यावर उपाय म्हणून आम्ही जमीन रुळांच्या किंचित खाली उतरती ठेवतो आणि कातळाची बाजू, दगडी संरक्षक भिंत, भरावाचा उतार आणि मोऱ्या यांचे स्वतंत्र त्रिमितीय तुकडे बनवून रुळांलगत बसवतो. या तुकड्यांवर आमचा बराच वेळ खर्च होतो. पॅनोरामा पॉइंटच्या खालच्या बाजूने गाडी जाते तेथे डावी-उजवीकडे डोकावून पाहिल्यावर हा खर्च सार्थकी लागल्याचे दिसते.

रुळांना वळणावर किती झुकाव द्यावा?

थोडा. वळणावर बाहेरचा रूळ उचलण्याचे प्रमाण वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) अवलंबून असते. १८ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १० किलोमीटर वेगासाठी ६१० मिलिमीटर गेजला सुमारे २६ मिलिमीटर झुकाव पुरतो. ताशी २० किलोमीटर धरले तर तोच आकडा सुमारे १०५ वर जातो. पण वळणावर थांबलेली किंवा रांगत चढणारी गाडी इतक्या कलत्या रुळांवर आतल्या बाजूला जड होते. त्यामुळे तीव्र वळणांवर वेग कमी ठेवायचा आणि झुकावही कमी ठेवायचा, हेच सुज्ञपणाचे आहे. सिम्युलेटरचे आयते झुकावाचे आकडे मोठ्या गेजसाठी आखलेले असतात. ते तसेच ठेवले तर माथेरानची गाडी मोटारसायकलसारखी कलताना दिसते.

वाफेच्या इंजिनात इतके विशेष काय आहे?

त्याचे आस (अ‍ॅक्सल). या इंजिनांना सहा चाके होती आणि सहाही चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली होती. चढासाठी हे उत्तम, कारण इंजिनाचे सर्व वजन ओढण्याच्या कामी येते. पण सहा जोडलेली चाके ताठ चौकटीत बसवली की ती ६० फुटी वळण घेऊच शकत नाहीत. यावर क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस वापरले गेले. त्यात पुढच्या आणि मागच्या जोडीचा बाहेरचा आस पोकळ नळीसारखा असतो. त्याच्या आत खरा फिरणारा गाभा असतो आणि मध्यभागी असलेल्या गोलाकार सांध्यामुळे गाभ्याची फिरण्याची ताकद नळीला मिळते, तरीही नळी थोडी तिरपी आणि थोडी बाजूला सरकू शकते. म्हणजे चाके वळणाप्रमाणे वळतातही आणि ओढतातही. कोणत्याही साध्या चित्रात हे दिसत नाही. बाहेरून इंजिन नेहमीसारखेच वाटते.

सिम्युलेटरमध्ये ही यंत्रणा हुबेहूब हलवता येत नाही. आम्ही ताठ चौकटीची लांबी मधल्या आसापुरती कमी धरतो, जेणेकरून वळणावरचा विरोध वास्तवाच्या जवळ येतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांची हालचाल निव्वळ दृश्यापुरती वेगळी देतो. ज्यांना हे खटकते त्यांना आमचे सांगणे असे की परिणाम बरोबर येणे महत्त्वाचे, आणि कोठे तडजोड केली आहे ते सोबतच्या टिपणात लिहिलेले आहे.

गाडी चढावर चाके का घसरवते? हा दोष आहे का?

हा दोष नाही. हा या मार्गाचा स्वभाव आहे आणि तो आकड्यांत पाहता येतो. १ मध्ये २० च्या चढावर प्रत्येक टन वजनामागे केवळ चढासाठी ५० किलो जोर लागतो. उदाहरणादाखल इंजिनासह ४० टनांची गाडी घेतली तर २००० किलो जोर हवा, आणि वळणाचा व घर्षणाचा विरोध त्यावर वेगळा. कोरड्या रुळांवर चाकावरील वजनाच्या साधारण चतुर्थांश जोर मिळतो असे धरले, तर त्यासाठी ८ टन वजन चाकांवर असले तरी भागते. रूळ दवाने किंवा कुजलेल्या पानांनी निसरडे झाले आणि हा अंश एक-दशांशावर आला, की त्याच कामाला २० टन लागतात. चढ तोच, गाडी तीच, आणि सकाळच्या धुक्यात एक डबा कमी करावा लागतो. म्हणून आमच्या प्रवासांमध्ये हवामानानुसार डब्यांची संख्या बदलते आणि वाळू टाकण्याची कळ चालकाच्या हाताशी ठेवलेली आहे. वाळू वळणाच्या आधी, चाके घसरण्यापूर्वी टाकावी. घसरल्यावर टाकलेली वाळू बहुतांशी वाया जाते.

शक्तीचा हिशोबही याच आकड्यांतून निघतो. २००० किलो जोराने ताशी १२ किलोमीटर वेग ठेवायचा तर सुमारे ८८ अश्वशक्ती लागते आणि ताशी २० किलोमीटरला सुमारे १४६. लहान बॉयलरच्या इंजिनासाठी या दोन आकड्यांमधील फरक फार मोठा आहे, आणि चढताना गाडी एवढी संथ का होती याचे उत्तर त्यातच आहे.

उतरताना काय काळजी घ्यावी?

चढण्यापेक्षा उतरणे अवघड आहे. जुन्या व्यवस्थेत डब्यांवर ब्रेकमन असत आणि इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर ते हाताने ब्रेक आवळत किंवा सैल करत. म्हणजे ब्रेकचा निर्णय एकाचा आणि अंमल अनेकांचा. इशारा आणि परिणाम यांच्यात काही क्षणांचे अंतर. सिम्युलेटरमध्ये एक कळ दाबली की सगळ्या डब्यांचे ब्रेक त्याच क्षणी लागतात, त्यामुळे ही गोष्ट साधण्यासाठी आम्ही डब्यांना हातब्रेकच दिले आहेत आणि त्यांचा जोर हळूहळू चढतो असे ठेवले आहे. चालवणाऱ्याने वळण दिसण्यापूर्वीच ब्रेक मागावा लागतो. वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर आहे. उतारावर २० चे २४ झाले तर ते परत २० वर आणण्यासाठी लागणारे अंतर पुढच्या वळणाच्या पलीकडे जाते. नवीन चालकांनी पहिला सराव जुम्मापट्टी ते नेरळ या खालच्या टप्प्यात करावा आणि मगच वॉटर पाइपच्या वरच्या भागात जावे.

इतक्या कमी वेगाची गाडी चालवून कंटाळा येत नाही का?

वेगवान गाडीत चालकाला मिनिटामागून मिनिटे काहीच करावे लागत नाही. येथे तसा एकही मिनिट नाही. बॉयलरमधील पाणी चढामुळे एका बाजूला सरकते, त्यामुळे काचनळीतली पातळी सपाटीवर एक आणि चढावर दुसरीच दिसते. आगीत कोळसा केव्हा टाकायचा हे पुढचा सपाट तुकडा कोठे आहे यावरून ठरते. वळणात शिरताना वेग पडतो आणि बाहेर पडताना तो आवरावा लागतो. ज्यांनी एकदा मन लावून नेरळ ते माथेरान गाडी नेली आहे, ते हा प्रश्न पुन्हा विचारत नाहीत असा आमचा अनुभव आहे.

झाडे, माती आणि ऋतू यांचे काय?

येथे बारकाईने पाहणाऱ्याला खूप काही मिळते. पायथ्याशी आणि कड्यांवर सह्याद्रीचा काळा कातळ आहे. माथ्यावर मात्र जांभ्या दगडाचा थर आहे आणि त्याच्यामुळे माथेरानची प्रसिद्ध लाल माती. त्यामुळे रुळांलगतच्या धुळीचा रंग मार्गभर सारखा ठेवून चालत नाही. खाली करडी-तपकिरी, आणि माथा जवळ येऊ लागला की लाली दिसू लागते. अमन लॉजपासून पुढे खडी, भिंतींचे पाय आणि डब्यांच्या पायऱ्यासुद्धा लाल धुळीने माखलेल्या. कोणीही फलक न वाचता आपण किती वर आलो हे या रंगावरून ओळखावे, एवढे ते नेमके साधण्याचा आमचा प्रयत्न आहे. झाडीचेही तसेच आहे. खालच्या उतारांवरील पानगळीची झाडे मार्च-एप्रिलमध्ये उघडी पडतात, तर माथ्यावरील जांभूळ, अंजन यांची सदाहरित सावली वर्षभर टिकते. उन्हाळ्यातल्या एकाच प्रवासात दोन ऋतू दिसले पाहिजेत.

पावसाळ्याचा ऋतू आम्ही दिलेला नाही. पावसाळ्यात दरडी कोसळण्याच्या भीतीने घाटातील गाड्या बंद ठेवल्या जातात आणि त्या काळातील धबधबे कितीही मोहक असले तरी त्यांच्यातून गाडी नेणे इतिहासाला धरून होणार नाही.

आवाज कसे मिळवता?

मूळ चार इंजिनांपैकी एकही आज या घाटात धावत नाही. ७४० क्रमांकाचे इंजिन तर इंग्लंडला गेले. म्हणून तशाच आकाराच्या आणि तशाच बांधणीच्या दोन फुटी इंजिनांचे, ज्यांच्या वापराला लेखी परवानगी मिळाली आहे असे ध्वनी घेतो. वळणावर चाकाची कडा रुळाला घासल्याचा किरकिरणारा आवाज मात्र आजच्या गाडीतही ऐकू येतो आणि तो प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित करता येतो.

नाशिकहून जाऊन मोजमाप कसे करता? रुळांवरून चालत गेले तर सोपे नाही का?

रुळांवरून चालत मोजमाप करू नये. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना वावरणे हा गुन्हा आहे, आणि अरुंद कटिंगमध्ये गाडी आली तर बाजूला सरकायला जागा नसते. ड्रोन उडवण्याचाही विचार परवानगीवाचून करू नये. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

आमची रीत साधी आहे. नाशिक रोडहून कल्याण, तेथून कर्जतच्या बाजूची लोकल धरून नेरळ. पुढे माथेरानच्या गाडीत खिडकीशी बसून दोन मोबाइल वापरायचे. एकावर रुळांच्या बाजूचे किलोमीटरचे दगड आणि खुणा दिसतील असे सलग चित्रीकरण करायचे. दुसऱ्यावर हवेच्या दाबाची नोंद ठेवायची. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की आपण सुमारे ८ ते ९ मीटर वर आलो असे समजते, आणि चांगल्या मोबाइलमधील दाबमापक याहून कितीतरी सूक्ष्म फरक टिपतो. अडचण एवढीच की दोन तासांत हवामानामुळेही दाब बदलतो. म्हणून गटातील एक जण तिसरा मोबाइल घेऊन नेरळ स्थानकातच बसतो आणि त्याच्या नोंदीतील बदल गाडीतल्या नोंदीतून वजा करतो. मार्गावरील एकमेव बोगद्यात, वन किस टनेलमध्ये, उपग्रहाचे स्थान तुटते, पण दाबाची रेषा अखंड राहते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. घरी आल्यावर चित्रफितीतील दगड आणि दाबाची रेषा एकमेकांवर ठेवली की चढाचा आलेख तयार होतो.

जुनी कागदपत्रे कोठे पाहावीत?

१८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये माथेरानचे सविस्तर वर्णन आहे. तेव्हा रेल्वे नव्हती, तरी वाटा, पाण्याच्या जागा आणि पॉइंट यांची मांडणी त्यातून कळते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे, मुंबईतील राज्य पुराभिलेखागार आणि आपल्याकडील सार्वजनिक वाचनालयासारखी जुनी ग्रंथालये येथे चिकाटीने पाहिल्यास काहीतरी हाती लागते. तरीही सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे कौटुंबिक छायाचित्रे. सहलीच्या फोटोत कुटुंबाच्या मागे जो फलाट, जो सांधा बदलण्याचा खटका, जो पाण्याचा नळ आलेला असतो, तो इतर कोणत्याही कागदात सापडत नाही. कृपया फोटो कापू नका. आम्हांला कडेचा भागच हवा असतो. मागे लिहिलेली तारीख आणि हस्ताक्षरातील मजकूर यांचेही छायाचित्र पाठवावे.

जे कोठेच सापडत नाही, ते कसे दाखवता?

याविषयी आमचा एक नियम आहे आणि तो आम्ही या कामाचा कणा मानतो. मार्गावरील प्रत्येक वस्तूला तीनपैकी एक खूण असते: मोजलेली, छायाचित्रावरून घेतलेली, किंवा अंदाजाने ठेवलेली. चालवताना या खुणा दिसत नाहीत, पण एक कळ दाबून संपादकात पाहता येतात आणि सोबतच्या यादीत किलोमीटरनुसार वाचता येतात. सिम्युलेटरमधील दृश्य इतके खात्रीचे वाटते की पाहणारा अंदाजालाही पुरावा समजतो. उद्या एखादा विद्यार्थी आमच्या चित्रावरून १९७० मधील वॉटर पाइप स्थानक असेच होते असे लिहील. त्याची दिशाभूल होऊ नये ही आमची जबाबदारी आहे. अंदाजाची वस्तू सुंदर करण्यात वेळ घालवण्यापेक्षा ती साधी ठेवावी आणि पुरावा मिळाल्यावर बदलावी, असे आम्ही सर्वांना सांगतो.

दुसऱ्यांनी बनवलेली मॉडेल्स वापरता का?

निर्मात्याची लेखी परवानगी असेल तरच. विनामूल्य मिळते याचा अर्थ पुन्हा वाटायची मुभा आहे असा होत नाही.

त्रिमितीय मॉडेल बनवता येत नसेल तर मदत करता येईल का?

अवश्य. फोटोंवर किलोमीटर आणि दिशा लिहिणे, वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करणे, झाडे ओळखणे, मराठी आणि हिंदी फलकांची अक्षरे त्या काळच्या वळणात रेखाटणे, ही सर्व कामे खोळंबलेली आहेत. आपल्या नाशिक रोडला रेल्वेचे कारखाने आणि निवृत्त कर्मचाऱ्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यापैकी कोणी नेरळच्या शेडमध्ये काम केलेले असेल तर त्यांच्याशी गाठ घालून द्यावी. एका फिटरने सांगितलेली ब्रेकच्या दांड्याची लांबी आम्हांला शंभर छायाचित्रांहून अधिक उपयोगी पडते.

मार्गात चूक आढळली तर कशी कळवावी?

जागा किलोमीटरने किंवा जवळच्या खुणेने सांगावी, काय चुकले ते एका वाक्यात लिहावे आणि आपल्याला ते कशावरून माहीत आहे हे आवर्जून नमूद करावे: स्वतः पाहिले, फोटोत आहे, की कोणाकडून ऐकले. ऐकीव माहितीही आम्ही नोंदवतो, फक्त तिच्यापुढे तशी खूण करतो. फोटो जोडला असल्यास दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत होते. नसल्यास ती वस्तू अंदाजाच्या यादीत जाते आणि पुढच्या वेळी नेरळला जाणाऱ्याच्या वहीत तपासणीसाठी लिहिली जाते.